सामंतबाईंचे साडेसहा मिलिमीटर

सामंतबाई गाडी सर्व्हिसिंगला टाकायला आल्या की पर्समधून एक जुनी कापडी पिशवी काढायच्या आणि माझ्या काउंटरवर ठेवायच्या. "जे काढाल ते यात घालायचं." ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, वायपरची झिजलेली रबरं, एकदा तर नंबरप्लेटचा जळालेला बल्ब. बदललेली प्रत्येक वस्तू त्यांना परत हवी असे. आमच्यापैकी कोणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "जुनं झालं म्हणून ते तुमचं झालं का? घेतलं तेव्हा पैसे मी दिले होते." वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव 'पुराना पार्ट मॅडम' पडलं होतं. गेटवर त्यांची पांढरी गाडी दिसली की धुणाऱ्यापासून कॅशियरपर्यंत सगळ्यांना खबर जायची आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी तेव्हा कोलकात्यात, न्यू टाउनच्या अलीकडे एका मोठ्या मोटार डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. हुद्दा सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे सल्लागार. कराडहून ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा वाटलं होतं, गाड्या उघडायला मिळतील. तीन वर्षांत मी एक चाक उघडलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून एसीत बसायचं आणि गिऱ्हाइकाला घाबरवायचं, हे माझं काम. रोज सकाळी साहेब आम्हा सहा जणांना रांगेत उभं करून विचारायचे, काल कोणी किती विकलं. त्यांचं एक बोलणं मला अजून पाठ आहे. "एसीचं काम काढलंत तर माणूस म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. ब्रेक म्हणालात की त्याला मागच्या सीटवरची बायकामुलं दिसतात. ब्रेकवर कोणी घासाघीस करत नाही." हे ते हसत हसत सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

बाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या छातीवरची पाटी वाचली. "जाधव? कुठले?" कराड म्हणालो. "मग हिंदीत काय बोलतोस माझ्याशी?" वर्कशॉपमध्ये मी बंगाली उच्चाराने 'जादोबदा', म्हणजे जाधवदादा होतो, आपलं नाव कोणी नीट उच्चारलेलं महिनोन् महिने कानावर पडत नसे. त्यांचं उलट होतं. सामंत आडनाव बंगाल्यांतही असतं, त्यामुळे जो तो त्यांच्याशी बंगालीत सुरू व्हायचा. त्याही अस्खलित बंगालीत उत्तर द्यायच्या आणि बाई वेंगुर्ल्याच्या आहेत हे समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत त्या अधिकारी होत्या. चहा, मोहरीचं तेल, मसाले यांचे नमुने त्यांच्याकडे तपासायला येत. लग्न केलेलं नव्हतं. बदल्या होत होत कोलकात्याला आल्या होत्या आणि सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहत. "भेसळ करणाऱ्याला माल कळतो की नाही, देव जाणे," त्या म्हणायच्या. "गिऱ्हाईक मात्र त्याला बरोबर कळतं."

त्यांचा दुसरा छंद म्हणजे 'किती?' हा प्रश्न. टायर झिजलेत म्हटलं की "किती?" बॅटरी कमजोर झालीय. "किती?" एकदा मी म्हणालो, "बाई, क्लच चेंज करावा लागेल असं दिसतंय." त्यांनी चष्मा काढला. "कोणाला दिसतंय? तुला, गाडीला, की तुझ्या साहेबांना?" शेजारच्या काउंटरवरचा मुकाट्याने खाली बघून हसत होता. मी आत जाऊन मिस्त्रीला विचारून आलो. क्लच ठणठणीत होता. त्या दिवशी जाताना त्यांनी मला कोकमं दिली. घरून आणलेली, कागदी पुडीत, वर पेन्सिलीने वजन लिहिलेलं.

चिडल्या तरी त्यांचा आवाज चढत नसे. 'तू'चं 'आपण' व्हायचं आणि बोलणं इतकं सावकाश व्हायचं की ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटे. कॅशियरने एकदा न केलेल्या धुलाईचे पैसे बिलात लावले. "आपण गाडी कोणत्या पाण्याने धुतलीत?" त्यांनी त्याला हिंदीत विचारलं. "धूळ तशीच राहिलीय, म्हणून विचारते." एसीत बसलेल्या त्या माणसाला घाम फुटला.

दुर्गापूजेच्या आधीचा महिना आमच्याकडे सुगीचा. घराघरातून माणसं मंडप बघायला गाडी काढणार, कोणी गावी जाणार. दारावर फलक लागायचा, 'पूजेआधी ब्रेकची तपासणी मोफत', आणि त्या मोफत तपासणीत जवळजवळ प्रत्येक गाडीचे ब्रेक गेलेले निघायचे. त्या वर्षी बाईंची गाडी महिनाअखेरीला आली. ती बिशूकडे गेली. बिशू आमचा सर्वांत जुना मिस्त्री. पन्नाशीला टेकलेला, अबोल माणूस. कॅनिंगच्या बाजूने लोकलने सियालदहला यायचा आणि तिथून बसने आमच्याकडे. त्याने पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मोजले आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं, साडेसहा मिलिमीटर. त्या गाडीचा नवा पॅड दहाचा असतो. तीनवर आला की बदलायचा. म्हणजे निम्मं आयुष्य शिल्लक होतं, वर्षभर तरी बघायची गरज नव्हती.

साहेबांनी कागद पाहिला. "महिना संपायला तीन दिवस राहिले. तुझ्या टार्गेटला चार ब्रेक अजून कमी आहेत. नवा कागद कर. दोन लिही."

मी नवा कागद केला. दोन लिहिलं.

बाई काउंटरशी आल्या. "किती?"

"दोन मिलिमीटर."

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "जाधव, तू मला मराठीत सांग. बदलायलाच हवेत?"

"हो बाई. धोक्याचं आहे. तुम्ही एकट्याच चालवता."

ते शेवटचं वाक्य साहेबांनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं होतं. एकट्या बाईला कुठे टोचलं की ती सही करते हे मी तीन वर्षांत आपोआप शिकलो होतो. पॅड, डिस्क घासणं, ब्रेकची सफाई, ब्रेक ऑइल, मजुरी आणि कर मिळून अकरा हजार चारशे. त्यांनी सही केली.

एवढं करून पॅड बदललेच नाहीत. स्टोअरमधून माल काढावा म्हणून मी गेलो, तर साहेबांनी मागून हाक मारली. "तिचे पॅड चांगले आहेत ना? मग कशाला बदलतोस? पुसून दे." ते गंमत म्हणून बोलत नव्हते. मी परत फिरलो. आता प्रश्न राहिला पिशवीचा. भंगाराच्या पिंपात हात घालून मी चार झिजलेले पॅड काढले आणि त्या कापडी पिशवीत टाकले. पिशवी मी भरली. बिशूने नाही, साहेबांनीही नाही.

पुढचं मला बाईंनी नंतर सांगितलं. घरी गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्र पसरून चारही पॅड मोजले. चार पॅड चार जाडीचे, आणि त्यांतल्या एकाचा आकारच वेगळा. दुसऱ्या एखाद्या बाईने पिशवी कचऱ्यात टाकली असती, किंवा फोनवर आरडाओरडा केला असता. सामंतबाईंनी चाक कसं उघडायचं याचे व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली आणि शनिवारी सकाळी डिकीतला जॅक आणि पाना काढून क्वार्टरच्या आवारात खाली बसल्या. वय अठ्ठावन्न. वरच्या मजल्यावरचे दत्तबाबू गॅलरीतून ओरडले, "मॅडाम, की कोरछेन! मिस्त्री डाकुन!" मिस्त्री बोलवा म्हणून. "मिस्त्रीकडूनच आणलीय गाडी," बाईंनी त्यांना बंगालीत उत्तर दिलं आणि पान्यावर पाय देऊन नट सैल केला. चाक निघालं. आतले पॅड त्यांचेच होते, धूळ पुसलेले. त्यांनी पट्टी लावली. साडेसहा.

सोमवारी सकाळी त्या आल्या तेव्हा बसायच्या जागा भरलेल्या होत्या. त्यांनी माझ्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ते चार पॅड ओळीने मांडले. मी उभा राहिलो.

"आपण मोजलं होतंत?"

मी वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"आपण दोन म्हणालात. माझ्या गाडीत साडेसहा आहेत. हे चार कोणाचे आहेत ते मला माहीत नाही. आपल्याला माहीत असेल."

शेजारचे दोघे खुर्चीतून वळून बघायला लागले होते. बाई त्याच सावकाश आवाजात म्हणाल्या, "इथे हिंदीत, इंग्रजीत, बंगालीत कोणी काही सांगितलं की मी तपासून घेते. नोकरीची सवय आहे. मराठीत तपासायचं मी सोडून दिलं होतं."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी चहा मागवला, बाईंना आत केबिनमध्ये बसायची विनंती केली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग साहेबांनी आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, ही चोरी आहे. मिस्त्रीने नवे पार्ट बाहेर विकले. आजच्या आज कारवाई करतो." बिशूला हाक गेली. तो फडक्याला हात पुसत आला. आरोप ऐकून त्याने साहेबांकडे बघितलंही नाही, माझ्याकडे बघितलं. "जादोबदा, तुमि बोलो." तू सांग, एवढंच म्हणाला. मी काउंटरवरच्या स्टेपलरकडे बघत राहिलो. त्या स्टेपलरवर निळा डाग होता, तो मला अजून दिसतो.

बाईंना त्याच दिवशी पूर्ण रकमेचा चेक मिळाला. बिशूला संध्याकाळी गेटबाहेर काढलं. पगार नाही, कागद नाही, वर चोर हे नाव. आणि मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेलो. जेवणाच्या सुट्टीत साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तोंड बंद ठेवलंस, बरं केलंस." त्या थापेची मला किळस आली, तरी मी "थँक यू सर" म्हणालो. चीड गिळायची सवय लागली की माणूस काय काय म्हणतो!

पूजा झाल्यावर एका रविवारी मी सॉल्ट लेकला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. हातात मिठाईचा डबा होता, एवढी माझी अक्कल. बाईंनी दार उघडलं, डबा बघितला आणि मला उंबऱ्याशीच थांबवलं.

"माफी मागायला आलोय, बाई."

"माझ्याकडे कशाला? माझे अकरा हजार चारशे मला परत मिळाले. बिशूला काय मिळालं?"

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

"त्याचा फोन नंबर आहे?"

"आहे."

"लाव."

दोन दिवसांनी आम्ही बिशूला सियालदहला भेटलो. वीस वर्षं गाड्यांचे ब्रेक बसवणारा माणूस स्टेशनाजवळच्या घाऊक बाजारात भाजीची पोती उतरवत होता. चार गॅरेजांत जाऊन आला होता. सगळीकडे आमच्याकडून फोन आधी पोचलेला. हमालांच्या गर्दीत चहाच्या टपरीला टेकून उभा राहिला आणि बाईंना म्हणाला, "दीदी, पगार बुडाला तर बुडू दे. मुलीच्या सासरी कळलंय, बाप चोरीत सापडला म्हणून. ती आता घरी फोन करत नाही." एवढं बोलून त्याने चहा न पिताच पेला खाली ठेवला.

बाई माझ्याकडे वळल्या. "आपण ऐकलंत?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बिशूचा पहिला कागद माझ्याकडे आहे. साडेसहाचा. मी फाडला नव्हता." का फाडला नव्हता, मला सांगता येत नाही. त्यात चांगुलपणा नव्हता. ड्रॉवरमध्ये राहून गेला होता, इतकंच.

बाईंचा चेहरा तांबडालाल झाला. "एवढे दिवस तो कागद तुझ्याकडे होता, आणि तू मला मिठाई आणलीस?" भर बाजारात, हातगाड्यांच्या गोंगाटावर जाईल एवढ्या आवाजात. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला, आणि रागात 'तू' म्हटलेलंही तेवढंच.

त्याच संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी जबाब लिहायला बसलो. "काय लिहू?" म्हणून विचारलं. "मी सांगणार नाही. जे झालं ते, जसं झालं तसं लिही. विशेषणं नकोत." दोन पानं झाली. पिशवी मी भरली, हेही लिहिलं. बाईंनी चष्मा लावून ती दोन पानं वाचली, पेन उचललं आणि एकच शब्द खोडला. मी लिहिलं होतं, 'साहेबांच्या सांगण्यावरून नाइलाजाने'. त्यांनी 'नाइलाजाने'वर रेघ मारली.

"नाइलाज नव्हता, जाधव. तुझे चार ब्रेक कमी होते."

मी सही केली. बाईंनी माझा जबाब, बिशूचा कागद आणि चार पॅडचे फोटो जोडून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठवलं, आणि ग्राहक न्यायालयात तक्रार करणार असल्याचं त्यात कळवलं. पत्र पोचलं त्या दिवशी मला 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं. मला वाटलं होतं, मी सुटलो म्हणून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भाडं थकलं, कराडला खोटं सांगितलं की नोकरी बदलतोय.

मुख्य कार्यालयाला हे प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत जायला नको होतं. दीड महिन्याने बिशूला त्याचा अडकलेला पगार मिळाला, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याची काही चूक नव्हती असं शिक्क्याचं पत्र मिळालं. ते पत्र त्याने प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि आधी मुलीच्या सासरी नेलं. परत तिथे नोकरीला ये म्हणाले, तेव्हा तो थुंकला. खरोखर, गेटसमोरच्या फुटपाथवर. साहेबांचं काय झालं म्हणाल, तर त्यांना बढती मिळून दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथेही पूजा असेल, दिवाळी असेल, फलक असेल. हे लिहिताना माझे दात आवळले जातात.

पुढच्या वर्षी पूजेच्या सुमाराला बाईंचे पॅड खरोखरच तीनवर आले. त्यांचा फोन आला. "रविवारी सकाळी आठला ये. फक्त बघायचं. हात लावायचा नाही." मल्लिकबाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी त्याच कंपनीचा पॅडचा सीलबंद डबा आणला होता, सोळाशे पन्नास रुपयांचा. दोन पाने आणि एक सी-क्लॅम्प घेतला होता, तो खर्च एकदाचा. मला त्यांनी पालथ्या बादलीवर बसवलं. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट आधी सैल केले, मग गाडी उचलली, काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवलं, म्हणजे जॅक सरकलाच तर गाडी त्यावर टेकेल. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला, जुने पॅड काढले, पॅडला रेटणारा पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत दाबला. प्रत्येक पायरीला वही उघडून बघायच्या. गुडघे दुखत होते हे दिसत होतं, पण मी पुढे झालो की नुसता हात वर करायच्या. मी डिप्लोमावाला; तीन वर्षांत जे केलं नाही ते साठीला आलेली बाई माझ्यासमोर करत होती, आणि मी बादलीवर.

दोन्ही बाजू झाल्या. बाईंनी हात पुसले, गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवून गिअर टाकायला गेल्या.

"बाई, पेडल!" मी ओरडलो. "आधी पेडल दाबा! पिस्टन मागे गेलाय, ब्रेक लागणार नाही."

त्यांनी किल्ली बंद केली आणि ब्रेकचं पेडल दाबलं. पहिल्या दोन वेळा ते थेट तळाला गेलं. मग हळूहळू घट्ट होत आलं. समोर दहा पावलांवर आवाराची भिंत होती. दोघांनीही ती एकदम बघितली.

"तीन वर्षं सल्लागार होतास," बाई म्हणाल्या. "आज पहिला सल्ला दिलास."

मग मला चहा मिळाला, तोही बादलीवरच. त्या म्हणाल्या, "सोळाशे पन्नास आणि माझे दोन तास. तुमचे अकरा हजार चारशे. मधले पैसे कशाचे?" मी सांगायला लागलो, मजुरी, जागेचं भाडं, यंत्रं, एसी, कर. त्यांनी मला थांबवलं. "यंत्रांचे आणि मजुरीचे मी देईन. काम केलंत तर दिलेच पाहिजेत. त्याच्यावरचे कशाचे?"

"भीतीचे," मी म्हणालो.

"मग बिलावर तसं लिहा ना! पॅड इतके, मजुरी इतकी, भीती इतकी." पेला त्यांनी पायरीवर आपटला. "बिशूसारख्याकडून करून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. प्रत्येकाने रविवारी मातीत बसावं असंही नाही. पण चाकाच्या आत काय असतं ते माणसाने एकदा तरी बघून ठेवावं. न बघितलेल्या वस्तूची भीती विकणं फार सोपं असतं."

त्याच वर्षी हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या. सामान ट्रकने पुढे गेलं आणि बाई स्वतः गाडी चालवत वेंगुर्ल्याला निघाल्या, एकट्या. सगळ्यांनी विमानाने जा म्हणून सांगून पाहिलं. निघायच्या सकाळी बिशू आला होता. त्याला त्यांनी गाडीखाली शिरू दिलं. तो चारी चाकं बघून आला आणि मान हलवली. मला त्या दिवशीही हात लावायला मिळाला नाही. मी खिडकीशी वाकलो आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं, "बाई, राग गेला का?"

"राग म्हणजे काय सर्दी आहे, जायला?" असं म्हणून त्यांनी काच वर केली.

पाच दिवस रोज एक मेसेज आला. संबळपूर. रायपूर. नागपूर. सोलापूर. वेंगुर्ले. गावाचं नाव, पुढे काही नाही. मी प्रत्येकाला 'ठीक' असं उत्तर पाठवलं. त्यानंतर मी फोन केला नाही. काय बोलणार, कशावरून सुरुवात करणार, हा विचार करत राहिलो. आता मी न्यू टाउनमधल्या एका ऑफिसच्या बसगाड्या बघतो. चाकं स्वतः उघडतो, आकडा स्वतः लिहितो. एकदा वाहतूक बघणारा माणूस कागदावर बोट ठेवून म्हणाला, हा आकडा जरा इकडचा तिकडे कर. मी त्याला इतक्या सावकाश आणि इतक्या अदबीने उत्तर दिलं की तो पुन्हा आला नाही. हे बाईंना सांगायला हवं होतं. आज करू, उद्या करू, असं करत दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मराठीत बोलणारी बाई. सामंतबाईंची भाची होती. बाई आठवड्यापूर्वी गेल्या, म्हणाली. दोन दिवसांचं आजारपण, फार त्रास झाला नाही. त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना ती कळवत होती.

"तुम्हाला फोन करू की नको, असं झालं होतं," ती चाचरत म्हणाली. "आत्याने तुमचं नाव जरा विचित्र लिहून ठेवलंय."

"काय लिहिलंय?"

"'जाधव. खोटं बोलला. नंतर लिहून दिलं.' असंच आहे, तीन तुकड्यांत. तुम्ही कोण?"

मी बसच्या पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणालो, बिशू कसा बघत होता, काहीही सोडलं नाही. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. पलीकडच्या बसचे ड्रायव्हर माना वळवून बघायला लागले. मी थांबलो.

"तुम्ही आत्यावर रागावलात का?" तिने विचारलं.

"त्यांच्यावर नाही हो. माझ्यावर. आणि त्या सगळ्यांवर."

"अजून?"

"अजून," मी म्हणालो.